मारियाबाईंच्या घराचा नकाशा

मरिना बे मी बसमधून पाहिलं, तेही डाव्या बाजूला बसले होते म्हणून. ती सिंहाच्या तोंडाची मूर्ती राहूनच गेली. महिनाभर सिंगापुरात राहून आलेल्या बाईनं हे कबूल करावं की नाही, कोण जाणे. पण नांदेडला परतल्यावर शेजारणी विचारतात, तेव्हा मी त्यांना मारियाबाईंची आणि योवान यांची हकिगत सांगते, आणि सिंहाचं नाव पुन्हा निघत नाही.

क्वीन्सटाउन

माझी मुलगी ऋचा वन-नॉर्थला एका प्रयोगशाळेत संशोधन करते आणि क्वीन्सटाउनमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. इमारत जुनी, सरकारी. अकराव्या मजल्यावरून समोर पाहिलं की प्रत्येक खिडकीतून वाळत घातलेल्या कपड्यांचे बांबू बाहेर आलेले दिसतात. आमच्याकडे गच्चीवर दोरी असते, इथे कपडेसुद्धा हवेत तरंगतात.

पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी ऋचा चहा पिताना म्हणाली, "आई, तुझ्या खोलीत एक पाहुण्या येणार आहेत. तीन आठवडे. रागावू नकोस."

"कोण?"

"आनाची आई. आना माझ्याबरोबर काम करते. तिची खोली एवढीशी आहे, तिथे गादीसुद्धा मावत नाही. तिच्या आईला इंग्रजी येत नाही."

"मग मी त्यांच्याशी बोलू काय?"

"तू बोलशील गं. तू कुणाशीही बोलतेस."

हे खरं आहे. मी तेहतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात मोजणीचं काम केलं. टेप धरून शेताच्या बांधावर उभं राहिलं की दोन्हीकडचे भाऊबंद एकमेकांशी बोलत नसतात, त्यामुळे दोघांशीही आपल्यालाच बोलावं लागतं.

मारियाबाई आल्या त्या एक मोठी बॅग, दुखरा गुडघा आणि आक्रोड भरलेला लांबट गोड पाव घेऊन. वय सहासष्ट, माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. क्रोएशिया नावाच्या देशात, डॅन्यूब नदीच्या काठच्या एका गावातल्या. पाव कापताना त्या हातवारे करून काहीतरी हळहळत होत्या. आनानं सांगितलं, "आईला खसखशीचा रोल आणायचा होता. मीच आणू दिला नाही. इथे खसखस चालत नाही, विमानतळावर धरतील."

मी आणि ऋचा एकमेकींकडे पाहून हसत सुटलो. कारण निघायच्या आदल्या दिवशी ऋचानं मला फोनवर हेच बजावलं होतं आणि मी अनारशांसाठी बांधलेली खसखशीची पुडी बॅगेतून काढून कपाटात ठेवली होती. मी मोबाईलवर अनारशाचा फोटो शोधून मारियाबाईंना दाखवला, वरच्या दाण्यांवर बोट ठेवलं आणि मान हलवली. त्यांना सगळं कळलं. त्यांनी माझा हात हातात घेतला. नांदेड आणि डॅन्यूब यांच्यामधलं पहिलं बोलणं झालं ते असं, न आणलेल्या खसखशीवरून.

दुसऱ्या दिवशी आम्ही तीळ लावून अनारसे केले. पीठ नीट मुरलेलं नव्हतं, तीन अनारसे कढईत हसले आणि विरघळून गेले. चौथा जमला. मारियाबाईंना भाकरी थापणं मात्र लगेच साधलं. त्या माझं नाव लांबवून मला सुनांदा म्हणत, मी त्यांना मारियाबाई. ‘बाई’ हा त्यांना नावाचाच भाग वाटला असावा.

वन-नॉर्थ

एका दुपारी मी ऋचाबरोबर तिच्या ऑफिसकडे गेले. काचेच्या उंच इमारती, आणि गळ्यात कार्ड अडकवून चालणारी मुलं. त्यात पुण्या-मुंबईची इतकी, की लिफ्टमध्ये "अरे, डबा आणलास का?" असं ऐकू आलं तेव्हा मी दचकले. जेवायला आम्ही तिघी, म्हणजे मी, ऋचा आणि आना, जवळच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, गेलो. मी रोटी पराठा घेतला. त्याला इथे प्राटा म्हणतात. बरोबर घट्ट दुधाची कॉफी.

आना म्हणाली, "आंटी, आई का आली आहे ते तिनं सांगितलं?"

"खुणांनी एवढंच कळलं की लग्न आहे."

"माझं. मिलानशी. आणि अडचण तीच आहे."

मिलान म्हणजे इथे जहाजदुरुस्तीच्या कंपनीत काम करणारा इंजिनीअर. आना जे सांगत गेली ते मी जेवण थंड होऊ देऊन ऐकलं.

ती पाच वर्षांची असताना त्यांच्या भागात युद्ध झालं. क्रोएशिया युगोस्लाव्हियातून वेगळा होत होता, आणि नदीकाठचा तो पट्टा सर्ब सैन्यानं घेतला. आनाच्या कुटुंबासारख्या क्रोएट लोकांना घरं सोडून जावं लागलं. जवळचं शहर शत्रूच्या हाती पडलं त्या दिवसांत तिचा मामा बेपत्ता झाला, तो अजून सापडलेला नाही. सहा-सात वर्षं हे लोक दूर कुठेतरी हॉटेलातल्या एका खोलीत राहिले.

"आणि तुमच्या घरात?"

"मिलानचं कुटुंब. ते सर्ब. त्यांचं गाव दुसरीकडे होतं, तिथून त्यांनाही पळावं लागलं होतं. त्यांना सांगितलं, हे रिकामं घर, यात राहा."

पुढे बाकीचा भाग क्रोएशियानं परत घेतल्यावर त्या शेवटच्या पट्ट्यासाठी पुन्हा लढाई व्हायची नाही असं ठरलं. संयुक्त राष्ट्रांनी दोन वर्षं तिथला कारभार हातात घेतला. बंदुका गोळा केल्या, दोन्ही बाजूंचे पोलीस एकाच गाडीतून फिरायला लावले, लोकांना नवे कागद दिले आणि भाग शांतपणे परत क्रोएशियात आला. आनाचे आईवडील परतले तेव्हा घरात मिलानचे आईवडील होते, आणि त्यांचं स्वतःचं घर अजून दुरुस्त झालेलं नव्हतं.

"मग?"

"मग एक हिवाळा दोन्ही कुटुंबं त्याच घरात राहिलो. आम्ही पुढच्या खोल्यांत, ते मागच्या. चूल एक. मी अकरा वर्षांची, मिलान तेरा. तो मला गणितं सोडवून द्यायचा. वसंतात ते गेले. नंतर पंचवीस वर्षांनी तो मला इथल्या मेट्रोत, एमआरटीत दिसला. कानावरून ओळखला." ती हसली. "त्याचे कान तसेच आहेत."

मी प्राट्याचा तुकडा हातात धरून बसले होते. कब्जा हा शब्द मी नोकरीत हजारो वेळा लिहिला असेल. मालक एक, कब्जा दुसऱ्याचा, आणि मोजणीच्या दिवशी पोलीस बंदोबस्त. मालक आणि कब्जेदार एका चुलीवर हिवाळा काढतात असं प्रकरण माझ्या टेबलावर कधी आलं नाही.

माझ्या घरात मात्र असं काहीतरी घडलं होतं. रझाकारांच्या दिवसांत माझे आजोबा गाव सोडून सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात गेले. परतले तेव्हा आमच्या घरात दुसऱ्या कुणाची चूल होती. ते लोक कोण, पुढे कुठे गेले, हे आमच्याकडे कोणी कधी सांगितलं नाही. नोकरीला लागल्यावर मी गुपचूप जुने कागद काढून पाहिले. कागदावर पहिल्यापासून शेवटपर्यंत आजोबांचंच नाव होतं. मधली चूल कुठेच नव्हती.

"मिलानचे वडील रविवारी येताहेत," आना म्हणाली. "आई आणि ते त्या वसंतानंतर भेटलेले नाहीत. आई हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. नुसती भाकरी थापते."

पुलाउ उबीन

भेट घरात नको, मोकळ्यावर हवी, असं मुलांनी ठरवलं. पुलाउ उबीन हे जवळचं बेट. जुनी लाकडी घरं, झाडी, भाड्याच्या सायकली. एमआरटी, मग बस, मग चांगीच्या धक्क्यावरून छोटी मोटरबोट.

धक्क्यावर मिलानचे वडील योवान आधीच उभे होते. सत्तरीचे, उंच, खांदे किंचित वाकलेले, ट्रॅक्टर दुरुस्त करून करून जाड झालेली बोटं. त्यांनी टोपी काढली. मारियाबाईंनी मान हलवली. बस्स. मिलानचे कान खरोखरच लक्षात राहण्यासारखे होते.

इथली बोट बारा माणसं भरल्याशिवाय सुटत नाही. आम्ही सहा आणि सायकलवाल्या पोरांचा पाचजणांचा घोळका. मारियाबाई सोडून सगळे चढलो होतो, म्हणजे दहा. त्या धक्क्यावर उभ्या राहून पाण्याकडे पाहत होत्या. तेवढ्यात एक चिनी आजोबा भाजीची पिशवी घेऊन चढले. अकरा.

बोटवाला आंकल ओरडला, "वन मोअर, लाह. आंटी, यू कमिंग ऑर नॉट?"

पोरांनी घड्याळं पाहिली. भाजीवाले आजोबा सरकून बसले आणि त्यांनी आपल्या शेजारची फळी हातानं पुसली. मारियाबाईंनी ती पुसलेली फळी पाहिली, उसासा टाकला आणि गुडघा सांभाळत बोटीत उतरल्या. त्यांना आधार द्यायला जो हात पुढे आला तो योवान यांचा होता. तो टाळायचा तर पाण्यात पडावं लागलं असतं.

नंतर आनाकरवी त्या मला म्हणाल्या, "एवढ्या लोकांना ताटकळत ठेवणं बरं दिसलं नसतं." आमच्याकडेही पुष्कळ मोठे निर्णय याच कारणानं होतात.

बेटावर मी पस्तीस वर्षांनी सायकलवर बसले. मोजणीच्या काळात मी सायकलवरून गावं फिरले आहे, पण तेव्हा रस्ता सपाट होता आणि मीही. पहिल्या उतारावर ब्रेक कुठला ते आठवेपर्यंत एक रानडुकरीण पिलांसह रस्ता ओलांडू लागली. तिला वाचवायला मी हँडल वळवलं आणि थेट चिखलाच्या चरात. ऋचा धावत आली. डुकरीण थांबून माझ्याकडे पाहत राहिली, मग पिलांना घेऊन निघून गेली.

मला लागलं नव्हतं, पण साडीऐवजी ऋचाचा घातलेला ट्राउझर गुडघ्यापर्यंत काळा झाला आणि सायकलची साखळी निखळली. योवान खाली बसले. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि हात पुढे केला. मारियाबाईंनी केसांतली पिन काढून त्या हातावर ठेवली. अडकलेली साखळी पिनेनं सोडवताना योवान काहीतरी पुटपुटले, आणि मारियाबाई पहिल्यांदा हसल्या.

"काय म्हणाले?" मी आनाला विचारलं.

"म्हणाले, तुमच्या घरच्या पाण्याच्या पंपाचीही साखळी अशीच अडकायची. आई म्हणाली, अजून अडकते."

दुपारी एका कौलारू घराच्या पडवीत आम्ही शहाळी प्यायलो. घरवाल्या मलय आजींना माझ्या चिखलाचं कौतुक वाटलं, त्यांनी नळावर नेऊन माझे पाय धुतले. खात्याची सवय जात नाही, मी विचारलं, घर कुणाचं? त्या म्हणाल्या, "हाउस माय फादर बिल्ड. लँड, गव्हर्नमेंट. पेपर एव्हरी टाइम रिन्यू." आनानं भाषांतर केल्यावर मारियाबाई आणि योवान दोघांनीही एकदमच मान हलवली, कागद म्हणजे काय ते कळणाऱ्या माणसांसारखी.

तिथे पाव मागवताना त्यांचा पहिला वाद झाला. मारियाबाई पावाला क्रूह म्हणाल्या, योवान ह्लेब म्हणाले. भाषा जवळजवळ एकच, पण नावं दोन, आणि दोघंही आपला शब्द सोडायला तयार नाहीत. मी ऋचाला म्हटलं, नांदेडची बाई पुण्यात गेली की हेच होतं.

पुन्हा क्वीन्सटाउन

योवान निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळे आमच्याकडे जेवायला होते. मी पिठलं-भाकरी केली, आनानं सॅलड. मारियाबाईंनी लग्नाला होकार कधी दिला ते कुणालाच नीट सांगता येणार नाही. उबीनहून आल्यावर त्या सरळ पाहुणे किती येतील यावर बोलू लागल्या होत्या. लग्न त्यांच्या गावी, त्याच घराच्या अंगणात. अडीचशे माणसं.

"बसणार कुठे अडीचशे?" आना म्हणाली.

मी ऋचाकडून मोठा कागद, पट्टी आणि पेन्सिल मागून घेतली. "मापं सांगा. मी काढते."

भांडी बाजूला सारून मी कागद पसरला. मारियाबाई सांगत होत्या, आना इंग्रजी करत होती. रस्त्याच्या बाजूला फाटक. डावीकडे घर. पुढे दोन खोल्या.

"घराची लांबी?"

"सोळा पावलं," मारियाबाई.

"तेरा," योवान.

दोघं एकमेकांकडे पाहू लागली. मी दोघांनाही आमच्या बैठकीतून दारापर्यंत चालायला लावलं. योवान यांची पावलं लांब, मारियाबाईंची आखूड. टेप लावून पाहिला तर सोळा आणि तेरा जवळपास सारखीच निघाली. मोजणीच्या नोकरीत दोन्ही पक्ष बरोबर असल्याचं मी क्वचितच पाहिलं आहे.

मग गंमत सुरू झाली. पंप कुठे, धान्याची खोली कुठे, मागच्या दाराची पायरी किती उंच, हे दोघंही सांगू लागले. कधी त्या आधी, कधी ते. छपरातून गळतं ते कोपऱ्यात की मध्ये, यावर पाच मिनिटं गेली. मारियाबाई मध्येच थांबल्या. त्यांच्या लक्षात आलं असावं की या माणसाला त्यांचं घर त्यांच्याइतकंच पाठ आहे. मिलाननं पाणी ओतून दिलं. त्या प्यायल्या नाहीत.

त्यांनी अंगणाच्या मध्यावर बोट ठेवलं. "इथे आक्रोडाचं झाड."

योवान म्हणाले, "होतं."

आनाचं भाषांतर इथे बारीक आवाजात होऊ लागलं.

"माझ्या लग्नात माझ्या भावानं रोप आणलं होतं," मारियाबाई म्हणाल्या. "माहेरहून. परत आले तेव्हा खुंट होता."

"मी तोडलं. पहिल्या हिवाळ्यात. आमची धाकटी सान्या तीन महिन्यांची होती, तापानं फणफणली होती. सरपण नव्हतं."

"किती दिवस पुरलं?"

"नऊ. ओलं लाकूड. धूर फार झाला." योवान आपल्या बोटांकडे पाहत होते. "तुमच्या भावाचं होतं हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी तोडलं असतं. त्याची मला लाज वाटते, पण खोटं बोलत नाही."

मारियाबाईंनी कागदावरचं बोट उचललं. मग म्हणाल्या, "तो सगळा हिवाळा मी रोज त्या खुंटाजवळून पाणी आणलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर एका छताखाली राहता आलं नसतं, आणि मला माझं घर हवं होतं." मग त्यांनी विचारलं, "सान्या कशी आहे?"

"बरी आहे. दोन मुलं आहेत तिला."

"तान्हं मूल धुरात ठेवू नये," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसले. "मी असते तर मीही तोडलं असतं. पण मला हे तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

"लग्नात तुमच्या भावासाठी मेणबत्ती लावाल?" योवान यांनी विचारलं.

"लावीन. मीच लावीन. तुम्ही शेजारी उभे राहा."

"राहीन."

ऋचानं माझा हात घट्ट धरला होता. मी पेन्सिल सोडली नव्हती. अशा वेळी मोजणीदारानं एकच काम करायचं असतं, पुढचं माप विचारायचं.

"आता तिथे काय आहे?" मी विचारलं.

"काँक्रीट," मारियाबाई म्हणाल्या. "माझ्या नवऱ्यानं ट्रॅक्टर ठेवायला केलं. वाजंत्री तिथे बसतील, बूट आपटायला चांगलं."

मी वाजंत्र्यांचा चौकोन काढला. मग टेबलं आखली. एका रांगेत साधारण अठरा माणसं, फाटकाकडून जायला वाट सोडून. अडीचशे माणसं बसली, वर बारा जास्तीची. राहता राहिलं परगावच्या लोकांना झोपायला कुठे द्यायचं ते. योवान यांनी माझ्या हातातली पेन्सिल मागितली आणि मागच्या खोलीत एक फुली मारली. "मी इथे. मला ही खोली माहीत आहे."

मारियाबाईंनी पेन्सिल त्यांच्या हातातून घेतली आणि फुली खोडली. "मागे आता कांदे आणि सॉसेज आहेत. तू पुढच्या खोलीत झोपायचं. तू पाहुणा आहेस." तोवर दोघं एकमेकांना ‘तुम्ही’च म्हणत आली होती, त्या हिवाळ्यातसुद्धा, हे आनानं मला नंतर सांगितलं.

नकाशात प्रत्येक जागेवर नाव लिहायची माझी सवय. पुढच्या खोलीत मी मराठीत लिहिलं, ‘पाहुणे’. योवान यांनी अक्षरावर बोट ठेवून विचारलं, हे काय? ऋचानं सांगितलं, याचा अर्थ घरी आलेला माणूस. आणि आमच्याकडे सोयरिकीतल्या माणसालाही हाच शब्द. नांदेडला आम्ही पावणे म्हणतो.

त्यांनी तो शब्द म्हणून पाहिला. "पावाने."

"पावने," मारियाबाईंनी त्यांना दुरुस्त केलं. त्यांनीही तो आयुष्यात एकदाच, अर्ध्या मिनिटापूर्वी ऐकला होता, आणि ‘ण’ त्यांनाही जमला नव्हता. पण योवान यांनी मुकाट्यानं पुन्हा म्हटला, मारियाबाईंना पसंत पडेपर्यंत.